आस्कंद घेताय ना, मग डॉक्टरला सांगितलं का?

यावेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकाच मुळीवर आहे, आस्कंद म्हणजेच अश्वगंधा, म्हणून यावेळचं सदर तिलाच देते. मी स्वतः आयुर्वेदाची वैद्य आहे, अश्वगंधा रोज लिहून देते, तिचा गुण येतो हे डोळ्यांनी बघते, आणि म्हणूनच ती कोणीही कशीही खाल्लेली मला बघवत नाही.

प्रश्न : डॉक्टरताई, माझं केळीच्या गाड्या भरायचं काम आहे, रात्री-अपरात्री जावं लागतं त्यामुळे झोपेचं पार खोबरं झालंय. मित्राने सांगितलं म्हणून सकाळी दुधातून दोन चमचे अश्वगंधा चूर्ण अन् रात्री ऑनलाइन मागवलेल्या दोन कॅप्सूल असं घेऊन राहिलो. तीनेक महिने झाले. झोप बरी लागते पण पोट बिघडतं, सकाळी डोकं जड राहतं. हे नॅचरल आहे म्हणजे साइड इफेक्ट नसतील ना? (वाचक, चोपडा)

उत्तर : दादा, पोट बिघडणं आणि सकाळी डोकं जड राहणं हेच साइड इफेक्ट आहेत. जुलाब, मळमळ, गुंगी हे अश्वगंधेचे नेहमी दिसणारे त्रास, आणि डोस वाढला की ते वाढतात. तुमचा डोस तर दोन्हीकडून वाढलाय.

चूर्ण आणि कॅप्सूल या एकच गोष्टी नाहीत हे आधी समजून घ्या. चूर्ण म्हणजे वाळवून दळलेली मुळी, तिचा भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात दिलेला डोस दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे, आणि चहाचा सपाट चमचा साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतो, म्हणजे तुमचे दोन चमचे भरगच्च नसतील तर तिथेच पूर्ण डोस झाला. कॅप्सूलमध्ये असतो अर्क. दूध आटवून खवा करावा तसं ते आहे, वजन कमी पण आत माल घट्ट. अश्वगंधेतले काम करणारे मुख्य घटक म्हणजे विथॅनोलाइड्स, साध्या मुळीत ते बहुधा १ टक्क्याच्या आत असतात, अर्कात अडीच-पाच टक्के आणि काही कंपन्यांच्या अर्कात त्याहून बरेच जास्त. लोक डबीवरचा ३०० मिलिग्रॅमचा आकडा बघतात आणि म्हणतात एवढंसं तर आहे, चूर्ण तर आपण ग्रॅमने खातो, आणि मग दोन्ही सोबत घेतात. तसं करायचं नाही. एकतर चूर्ण, नाहीतर अर्क, आणि तेही कोणाला तरी विचारून.

आता गुणाचं. झोपेवर आणि ताणावर अश्वगंधा काम करते याला बऱ्यापैकी आधार आहे. २०१२ साली छापलेल्या एका भारतीय अभ्यासात ताणाने त्रासलेल्या ६४ लोकांपैकी निम्म्यांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क दोनदा असा ६० दिवस दिला, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली, आणि अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, दोन्ही चांगले उतरले. झोपेवरच्या ५ चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला, एकूण ४०० लोक होते, त्यातही फायदा दिसला, पण तो लहान होता आणि ज्यांना खरोखर निद्रानाश आहे त्यांच्यात जास्त होता. यातलं लक्षात ठेवायचं ते हे की बहुतेक अभ्यास दोन-तीन महिन्यांचे आहेत. वर्षानुवर्षं रोज घेतली तर काय होतं यावर भक्कम असं काम झालेलंच नाही, त्यामुळे "कायम चालू ठेवा, काही होत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याकडे त्याचा पुरावा नसतो.

तुम्ही आत्ता दोन्ही बंद करा. पोट ठिकाणावर येऊ द्या, जवळच्या लॅबमधून लिव्हरची तपासणी करून घ्या, आणि तो रिपोर्ट घेऊन एखाद्या वैद्याकडे किंवा फिजिशियनकडे जा. गुंगी असताना रात्री गाडीवर चढू नका, हायवेला गाडी चालवू नका. आणि रात्रपाळीहून आल्यावर उन्हात, पत्र्याखाली झोपून अन् मध्ये चार कप चहा पिऊन झोप येणार नाही, ती तक्रार मुळीने सुटत नाही.

प्रश्न : मी ५८ वर्षांची, मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेत. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. अशक्तपणासाठी बहिणीने आस्कंदाचं चूर्ण दिलं ते दोन महिन्यांपासून घेते. आता छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम येतो, वजनही उतरलं. मला वाटलं वयाचं आहे. डॉक्टरांना चूर्णाचं सांगितलं नाही, कारण ते काही औषध नाही ना, घरचंच आहे. (वाचक, भुसावळ)

उत्तर : ताई, हे वाचताच पहिलं काम करा, चूर्ण बंद करा आणि उद्या सकाळीच थायरॉइडची तपासणी करून घ्या. गोळी मात्र मनाने बंद करू नका, रिपोर्ट आल्यावर डोसचं डॉक्टर ठरवतील. धडधड जास्त असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल तर रिपोर्टची वाटसुद्धा बघू नका, सरळ दवाखान्यात जा.

अश्वगंधा थायरॉइडला चालना देते. २०१८ साली ५० लोकांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचं थायरॉइड थोडंसंच कमी काम करत होतं त्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क ८ आठवडे दिला तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम कर असं सांगणारं हार्मोन, खाली आलं आणि थायरॉइडची स्वतःची हार्मोन टी-३, टी-४ वाढली. ही बातमी लोकांपर्यंत "अश्वगंधेने थायरॉइड बरं होतं" अशी पोचली. पण जो आधीच पूर्ण डोसची गोळी घेतोय त्याच्या अंगात ही वाढ वरून येऊन पडते, आणि मग तुम्ही लिहिलीत नेमकी तीच लक्षणं दिसतात. ज्यांचं थायरॉइड मुळातच जास्त काम करतं त्यांनी तर हिच्या वाटेलाच जाऊ नये. तुमच्या बाबतीत नक्की काय झालंय ते तपासणीच सांगेल, दुसरंही कारण निघू शकतं.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवर मला जास्त बोलायचंय. मी ओपीडीत नवीन पेशंटला सांगते, पिशवी टेबलावर उलटी करा, जे जे पोटात जातं ते सगळं बाहेर काढा. बीपीची पाकिटं निघतात, शुगरची निघतात, कॅल्शियमची बाटली, डोळ्यांचे थेंब, सगळं निघतं. चूर्णाची डबी निघत नाही, ती घरी ओट्यावर हळद-मिठाच्या डब्यांशेजारी ठेवलेली असते. मी विचारते, आणखी काही घेता का? नाही म्हणतात. मग विचारते, दुधातून काही? तेव्हा कुठे म्हणतात, हां, ते आस्कंदाचं घेते ना. माणसं लपवत नाहीत, त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. आणि आमच्यातले काही डॉक्टर ऐकल्यावर अशा काही भडकतात की पुढच्या वेळी पेशंट सांगायचाच नाही, हेही खरं आहे. तरी सांगा. रागावले तर रागावले, पण केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.

हे थायरॉइडपुरतं नाही. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, किडनी बदलल्यावर घेतात ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, या सगळ्यांशी अश्वगंधेचा संबंध येतो. शुगर किंवा बीपी ठरवल्यापेक्षा जास्त उतरू शकतं, झोपेच्या गोळीची गुंगी वाढू शकते. संधिवात, ल्युपससारखे आजार असतील, जिथे स्वतःचीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटलेली असते, तिथेही मनाने घ्यायची नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे पेशंट असतील त्यांनीही नाही, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढण्याची शक्यता असते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर फिरतंय की अश्वगंधेने लिव्हर खराब होतं आणि डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. आपले बापजादे खात आले, कोणाला काही झालं नाही. हा आयुर्वेदाला बदनाम करायचा डाव वाटत नाही का तुम्हाला? (वाचक, अमळनेर)

उत्तर : नाही वाटत भाऊ. तुमची चीड मी समजू शकते, कारण आयुर्वेदाबद्दल न वाचता बोलणारे मीही खूप ऐकलेत, पण हे प्रकरण तसं नाही.

डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदी घातली हे खरं आहे. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाचा २०२० चा एक अहवाल होता, त्यात थायरॉइड आणि लैंगिक हार्मोनवर परिणाम आणि गर्भपाताची शक्यता असे मुद्दे होते. त्या अहवालावर आपल्याकडच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, मूळ आणि पानं यांची सरमिसळ केली वगैरे, आणि त्यातल्या काही आक्षेपांत मला तथ्य वाटतं. सरसकट बंदी मलाही पटत नाही.

पण लिव्हरची गोष्ट वेगळी आहे, तिथे समोर आजारी पडलेली माणसं आहेत. २०२० मध्ये आइसलंड आणि अमेरिकेतल्या ५ रुग्णांची हकिगत एकत्र छापून आली. अश्वगंधेची गोळी सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि अंगाला प्रचंड खाज, आणि बंद केल्यावर ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांचे रिपोर्ट १ ते ५ महिन्यांत पूर्ववत झाले. २०२३ मध्ये आपल्या भारतातल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांची माहिती छापली, त्यातले ८ जण फक्त अश्वगंधाच घेत होते, सोबत दुसरी कुठली जडीबुटी नव्हती. ज्यांचं लिव्हर आधीपासून खराब होतं त्यांच्यातले काही जण दगावले. हे आकडे परदेशी कंपनीचे नाहीत, आपल्याच दवाखान्यांतले आहेत.

लाखो लोक अश्वगंधा घेतात आणि त्यातल्या फार थोड्यांना हा त्रास होतो, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण तो थोड्यांतला एक कोण असेल हे आधी ओळखायची काही सोय आज नाही, म्हणून खुणा माहीत पाहिजेत. जेवण नको वाटणं, मळमळ, गडद पिवळी लघवी, डोळे पिवळे, अंगाला खाज. यातलं काही दिसलं की मुळी त्याच दिवशी बंद आणि रक्ततपासणी. इथे आपल्याकडची एक सवय फार महागात पडते. डोळे पिवळे झाले की आपण आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, गळ्यात माळ घालतो, पथ्य पाळतो, आणि इकडे आस्कंदाचं दूध "ताकद यावी" म्हणून चालूच असतं. तसं करू नका हो. ज्यांना आधी कावीळ होऊन गेली, फॅटी लिव्हर आहे, दारू आहे, त्यांनी तपासणीशिवाय सुरूच करू नये, आणि सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं कडक होऊन निकामी होत जाणं, असेल तर घेऊच नये.

बापजाद्यांचं म्हणाल तर त्यांनी रोज दोन कॅप्सूल अर्क सहा-सहा महिने खाल्ला नव्हता. वैद्याने नाडी, पोट, ऋतू बघून काही दिवस दिलेली मुळी होती ती, दुधात शिजवलेली, तुपासोबत. चरकाने अश्वगंधेला ताकद देणाऱ्या आणि शरीर भरणाऱ्या औषधांच्या गणांत घातलंय हे आपण अभिमानाने सांगतो, पण नीट योजलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधाचंही विष होतं हे त्याच संहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. मग सावध राहा म्हणणारा आयुर्वेदाचा वैरी कसा?

आणि त्रास झालाच तर तो नोंदवायचीही सोय आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तुमच्या वैद्याला सांगा, त्याने कळवलं पाहिजे.

प्रश्न : सून पाचव्या महिन्यात आहे, फार थकते. डिंकाच्या लाडवात थोडी आस्कंद पावडर टाकली तर चालेल का? (वाचक, धुळे)

उत्तर : नाही मावशी, अजिबात नाही. गरोदरपणात अश्वगंधा नको, आणि बाळ अंगावर पीत असेल तोवरही नको. सुनेचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, पाचव्या महिन्यातल्या थकव्याचं कारण बहुतेक वेळा तिथे सापडतं. लाडू आस्कंदाशिवायच करा.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत एका जडीबुटीवाल्याकडून आस्कंदाच्या मुळ्या घेतल्या, सोबत सातपुड्यातली म्हणून आणखी एक गाठीसारखी मुळी दिली, गुडघेदुखीवर उगाळून पोटात घ्यायला सांगितली. खरी कशी ओळखावी? (वाचक, शहादा)

उत्तर : आस्कंदाची वाळलेली चांगली मुळी बोटासारखी सरळ, बाहेरून मातकट पिवळसर, साधारण गुळगुळीत असते. मोडून बघा, तट्कन मोडते, दोऱ्या सुटत नाहीत, आणि मोडलेल्या जागी आत पांढरंशुभ्र, पिठूळ दिसतं, बोटाला पीठ लागतं. आतून काळपट, लाकडासारखी चिवट, बुरशीचा वास येणारी किंवा बारीक भोकं पडलेली असेल तर फेकून द्या. चूर्ण असेल तर रंग पांढरट-पिवळसर ते राखाडी पाहिजे. हिरवट झाक दिसली तर पानं-काड्या दळल्यात असा संशय घ्या. आपल्या बाजारातला बराचसा माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागातून येतो, तिथे तिची शेती होते, त्यामुळे कोणी "खास जंगलातली" म्हणून दुप्पट भाव लावला तर त्या भावाला फार भुलू नका.

त्या दुसऱ्या गाठीचं मात्र मला खरंच काळजीचं वाटतंय. ती पोटात घेऊ नका, उगाळूनही नाही. न बघता मी तिचं नाव सांगणार नाही, पण सातपुड्यात कळलावी उगवते, पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात ती, तिचे कंद सांध्यांच्या दुखण्यावर म्हणून विकले जातात. तिच्यात कोल्चिसिन असतं, खूप जहाल. थोडं जास्त गेलं की काही तासांत उलट्या, रक्ताचे जुलाब, पुढे किडनी आणि रक्त तयार होण्यावर घाला, आणि जो वाचतो त्याचे एक-दोन आठवड्यांनी केस गळतात. कायद्याने ती आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणजे वैद्यसुद्धा शुद्धी करून, मोजून, देखरेखीखालीच वापरतो. घरात कोणी आधीच घेतली असेल आणि उलट्या सुरू झाल्या तर १०८ ला फोन लावा आणि उरलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, काय पोटात गेलंय ते डॉक्टरला त्यावरून ताडता येतं.

प्रश्न : आमच्या बांधावर आस्कंदाची झाडं आहेत, लाल फळं कागदी पिशवीत असतात तीच. मोबाइलवर बघून रोज तीन पानं खातो, वजन कमी होतं म्हणे. (वाचक, पारोळा)

उत्तर : झाड ओळखलंत बरोबर, आपल्या भरताच्या वांग्याच्याच कुळातलं आहे ते. पण पानं खाणं बंद करा. पोटात घ्यायला वापर मुळीचा आहे. पानांत विथाफेरिन-ए नावाचा घटक जास्त असतो, तो पेशींना मारक आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाने औषध कंपन्यांनाच सांगितलं की अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा. कंपनीला जे करू नका म्हणतात ते आपण बांधावर उभं राहून कशाला करायचं? पोटात घ्यायला विकत आणतानाही डबीवर "मूळ" लिहिलंय का ते बघा. "पंचांग" लिहिलं असेल तर त्यात पान, फळ, काडी सगळं आलं. नुसतं "अश्वगंधा" लिहिलं असेल आणि कुठला भाग ते दिलंच नसेल, तर ती डबी मी घेत नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. आस्कंद चालू ठेवू का? ताकद राहील. (वाचक, नंदुरबार)

उत्तर : आजच बंद करा आजोबा. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी बंद पाहिजे, भुलीच्या औषधांसोबत गुंगी वाढू शकते आणि शुगर-बीपी हलू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मी आस्कंद घेत होतो, अमुक तारखेला बंद केला" असं तोंडाने सांगा. ताकदीसाठी वरण, दूध, अंडी चालत असतील तर अंडी.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून अश्वगंधेच्या गोळ्या द्याव्या का? जाहिरातीत मुलांना चालतात असं दाखवतात. (वाचक, शिरपूर)

उत्तर : मी देणार नाही. मी सांगितलेले हे सगळे अभ्यास मोठ्या माणसांवरचे आहेत, वाढत्या वयातल्या मुलांना रोज, महिनोनमहिने अर्क द्यावा असा आधार त्यात नाही, आणि याच वयात हार्मोन बदलत असतात. मुलगा रात्री किती वाजता झोपतो, मोबाइल कुठे ठेवतो, सकाळी काही खाऊन जातो का, चष्म्याचा नंबर तपासलाय का, हे आधी बघा. तरी वाटलंच तर त्याला घेऊन वैद्याकडे जा, जाहिरात दाखवून औषध मागू नका, मुलाला तपासू द्या.